मागचा कॉग जागेवर कसा राहील?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी फिक्स्ड सायकलींबद्दल आहेत. या सायकलीला फ्रीव्हील, म्हणजे पेडल न मारता चाक फिरू देणारं चक्र, नसतं. मागचं दातेरी चक्र, म्हणजे कॉग, थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आवळलेला असतो, आणि त्याच्या बाहेरून लॉकरिंग नावाची खाचांची रिंग बसते. चाक फिरतंय तोवर पेडल फिरतच राहतात, आणि पाय मागे रेटले की सायकल मंदावते. दिल्लीच्या २५० मीटरच्या लाकडी व्हेलोड्रोमवर (सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर) धावणाऱ्या सायकलींनाही हीच रचना असते, ब्रेक मात्र नसतात. गावातल्या रस्त्यावर तसं चालणार नाही. पुढची सगळी उत्तरं सायकलला पुढचा ब्रेक आहे, असं धरूनच दिली आहेत. ब्रेक नसेल तर आधी तो बसवा आणि मग कॉगकडे वळा.

प्रश्न : फ्लिप-फ्लॉप हबची (एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील) सायकल घेतली आहे. दुकानात कॉग आणि लॉकरिंग दोन्ही घट्ट करून दिलं होतं. पण जळगावला जाऊन परत आलो की लॉकरिंग बोटाने फिरतं. तीनदा आवळून झालं. आता लॉकटाइट लावू का? (एक वाचक, भुसावळ)

लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवणारं द्रव, नको. तुमचं लॉकरिंग सुटलेलं नाही, त्याच्यापासून कॉग दूर गेला आहे. हा फरक एकदा ध्यानात आला की पुढचं सगळं सोपं आहे.

फिक्स्डच्या हबवर, म्हणजे ट्रॅक हबवर, आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली मोठी पायरी कॉगची. तिचे आटे सरळ, म्हणजे नेहमीच्या नटासारखे उजवीकडे आवळणारे. बाहेरची थोडी लहान पायरी लॉकरिंगची, तिचे आटे उलटे. तुम्ही पुढे पेडल मारता तेव्हा चेन कॉगला आवळण्याच्या दिशेने ओढते. पाय मागे रेटता तेव्हा चेन त्याला सोडवायला बघते. सुटू पाहणारा कॉग बाहेर सरकून लॉकरिंगला टेकतो आणि त्यालाही आपल्याबरोबर फिरवू लागतो. पण लॉकरिंगचे आटे उलटे असल्यामुळे त्या दिशेने ते सुटण्याऐवजी आवळलं जातं. दोघं एकमेकांत अडकतात आणि कॉग तिथेच थांबतो. हे सगळं घडायला दोघं आधीपासून एकमेकांना टेकलेले हवेत.

आता तुमच्याकडे काय होतंय ते पाहा. दुकानात २५ सेंटीमीटरच्या चेन व्हिपवर (चेनचा तुकडा लावलेल्या कॉगच्या पान्यावर) १२ किलोचा जोर लावला असेल, तर कॉग साधारण ३० न्यूटन-मीटरने आवळला गेला. तुम्ही ७० किलो वजनाचे असाल, क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मिलिमीटरचा, पुढे ४६ दाते आणि मागे १६ असतील, तर चढावर पेडलवर उभं राहिलात की कॉगवर सुमारे ४० न्यूटन-मीटर पडतात. म्हणजे पहिल्याच चढावर तुमच्या पायांनी कॉग दुकानापेक्षा जास्त आवळला. तो आणखी आत गेला आणि लॉकरिंग जागच्या जागी राहिलं. आटे इंचाला २४, म्हणजे पूर्ण एका फेऱ्याला १.०६ मिलिमीटर. कॉग फक्त १० अंश जास्त फिरला तरी फट पडते ०.०३ मिलिमीटरची. ती वहीच्या कागदाच्या निम्म्याइतकीही नाही, पण लॉकरिंग मोकळं व्हायला तेवढी पुरते.

असं चालवत राहिलात, तर दर वेळी पाय मागे रेटल्यावर कॉग थोडा उलटा फिरून लॉकरिंगवर आपटेल, पुढे मारल्यावर पुन्हा आत जाईल. पायाला बारीक ‘टक्’ जाणवतं ते हेच. कॉग पोलादी, हब अॅल्युमिनियमचा. मार कोण खाणार, ते सांगायला नको.

म्हणून क्रम असा ठेवा. लॉकरिंग आणि कॉग पूर्ण काढा. हबचे आटे जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने धुऊन कोरडे करा. कॉगच्या आट्यांत कारखान्यातला बारीक कीस राहिलेला असतो, तोही ब्रशने काढा. हबच्या ज्या खांद्याला कॉग टेकतो, तिथे बोट फिरवून बघा. तिथे उचललेला काठ किंवा वाळूचा कण असला, तर कॉग कितीही आवळा, तो पुढे बसतच राहतो. मग आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्या. ग्रीसने कॉग सुटेल अशी भीती अनेकांना वाटते, पण होतं उलटं. कोरडं पोलाद कोरड्या अॅल्युमिनियमवर घासतं, करकरतं आणि पूर्ण बसायच्या आधीच अडतं. ग्रीस असेल तर तेवढ्याच जोरात तो जास्त आत बसतो, आणि दोन वर्षांनी निघतोही.

कॉग हातानेच फिरवत शेवटपर्यंत न्या. साधारण पाच-सहा फेरे सहज व्हायला हवेत. पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यालाच जड लागला, तर आटे तिरके धरले आहेत. तिथेच थांबा, उलटा फिरवून काढा, पुन्हा लावा. पाना लावून रेटू नका. हाताने टेकल्यावर चेन व्हिपने आवळा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. लॉकरिंग आत्ता नुसतं हाताने लावा. चाक फ्रेममध्ये बसवा, चेन चढवा, एक्सलचे नट आवळा. पुढचं चाक भिंतीला टेकवा, पुढचा ब्रेक घट्ट धरा, पेडल पुढच्या बाजूला आडवं आणा आणि त्यावर अंगाचा पूर्ण भार द्या. झटका देऊ नका, सावकाश दाबा. दुसऱ्या पायानेही तसंच. असं चार-पाचदा करा. यासाठी ट्रकांच्या रस्त्यावर जाऊन चढ शोधायची गरज नाही. पायांनी जो जोर नंतर लागणार, तो इथेच लावून घेतला. पेडल मागे मात्र रेटू नका. मग हुक पान्याने (लॉकरिंगच्या खाचेत अडकणारं नाक असलेल्या पान्याने) लॉकरिंग आवळा, डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने.

हब, कॉग आणि लॉकरिंग या तिघांवरून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. पहिल्या २०-२५ किलोमीटरनंतर ती बघा. कॉगवरचा तुकडा पुढे सरकलेला दिसला, तर लॉकरिंग पुन्हा आवळा आणि नवी रेघ ओढा. दुसऱ्या खेपेला ती बहुधा जुळलेलीच सापडेल.

प्रश्न : कॉग बदलायचा होता. आमच्या मेकॅनिकने छिन्नी-हातोडीने लॉकरिंग ठोकलं, ते निघालं नाही आणि खाचा मात्र उडाल्या. आते काय करानं, भाऊ? (एक वाचक, धुळे)

भाऊ, त्यांनी नेहमीच्या सवयीने डावीकडे ठोकलं असणार. उलट्या आट्यांचं लॉकरिंग डावीकडे आवळतं आणि उजवीकडे सुटतं. सोडायचं म्हणून मारलेल्या प्रत्येक ठोक्याने ते आणखी आवळलं गेलं.

एखादी खाच धड उरली असेल, तर रात्रभर पेनिट्रेटिंग तेल सोडून ठेवा. सकाळी हुक पाना त्या खाचेत बसवा, त्याचं नाक बोटाने दाबून धरा आणि उजवीकडे फिरवा. एकही खाच उरली नसेल, तर कानशीने लॉकरिंगच्या समोरासमोरच्या दोन कडा सपाट करा आणि मोठा स्लाइड पाना लावा. लॉकरिंगचा बळी गेला तरी चालेल, हबचे आटे वाचले पाहिजेत. लॉकरिंग निघाल्यावर कॉग चेन व्हिपने डावीकडे सुटेल. लॉकरिंग पूर्ण उतरल्याशिवाय कॉगवर जोर लावू नका.

पाने मागवायला वेळ असेल, तर चेन व्हिप इथेच बनवता येतो. ३ मिलिमीटर जाड, २५ मिलिमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर लांब लोखंडी पट्टी घ्या. साध्या सायकलच्या जुन्या चेनचा सुमारे २५ सेंटीमीटरचा तुकडा पट्टीच्या टोकाजवळ भोक पाडून चेनच्याच पिनने जोडा. चेनच्या बाहेरच्या दोन पाट्यांमध्ये ३ मिलिमीटरची पट्टी बसते. त्याच्या थोडं मागे दोन-तीन कड्यांचा दुसरा तुकडा लावा. लांब तुकडा कॉगभोवती गुंडाळला जातो, आखूड तुकडा दात धरतो. हुक पाना मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये मिळेल, स्टिअरिंगच्या नटाला लागतो तो. त्याचं नाक लॉकरिंगच्या खाचेत तळापर्यंत उतरतं का ते बघा. उतरत नसेल तर ग्राइंडरवर घासून बारीक करा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट नडते, ती काळी माती. पावसाळ्यात ती खाचांत भरते आणि वाळली की विटेसारखी होते. मग पान्याचं नाक अर्धंच आत जातं, जोर लावला की निसटतं आणि खाचेची कड खातं. पाना लावण्याआधी प्रत्येक खाच खिळ्याने कोरून घ्या.

प्रश्न : जुन्या रोडस्टरचं फ्रीव्हील काढून त्याच हबवर कॉग लावला. वर बॉटम ब्रॅकेटची (क्रँकचा एक्सल जिथे फिरतो त्या भागाची) रिंग आवळली आणि लाल लॉकटाइट सोडलं. मित्र म्हणतात, पक्कं झालं. खरं का? (एक वाचक, जळगाव)

नाही. फ्रीव्हीलच्या आणि कॉगच्या आट्यांचं माप एकच, १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. म्हणूनच कॉग तिथे सहज चढतो आणि माणूस फसतो. इंग्लिश मापाच्या बॉटम ब्रॅकेटची डावी रिंगही नेमकी त्याच मापाची आणि सरळ आट्यांची असते, म्हणून तीही चढते. पण ही झाली नटावर नट आवळल्याची रीत. कॉग सुटायला लागला की रिंगही त्याच दिशेने, त्याच्याबरोबर सुटते. उलट्या आट्यांमुळे कॉग जिथे अडायचा, ती पायरीच या हबवर नाही.

लॉकटाइटमुळे हे सुटणं लांबतं, थांबत नाही. आणि सुटेल ते नेमकं तुम्ही जोरात पाय मागे रेटाल त्या क्षणी, म्हणजे समोर काहीतरी आडवं आलं असताना. पेडल मोकळे मागे फिरतील आणि सायकल तशीच पुढे जाईल. हाच हब वापरायचा असेल तर पुढे-मागे दोन्ही ब्रेक ठेवा आणि थांबण्यासाठी पायांचा वापर करूच नका. खरं तर त्यापेक्षा फ्रीव्हील परत लावलेलं बरं.

फ्लिप-फ्लॉप हबवाल्यांनीही हे लक्षात घ्यावं. त्याची एक बाजू फिक्स्डची, एक फ्रीव्हीलची, आणि चाक घाईत उलटं बसू शकतं. कॉग चढवण्याआधी आट्यांच्या दोन पायऱ्या दिसतात का ते बघा. एकच पायरी दिसली तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात.

प्रश्न : लॉकरिंग हरवलं म्हणून ऑनलाइन दुसरं मागवलं. ते आट्यांवर नुसतं सरकतं, धरत नाही. (एक वाचक, चाळीसगाव)

बहुधा इटालियन मापाचं आलं आहे. कॉगच्या आट्यांचं माप बहुतेक सगळीकडे जुळतं, लॉकरिंगचं जुळत नाही. जपानी, तैवानी आणि बहुतेक चालू हबांना १.२९ इंच व्यासाचं लॉकरिंग लागतं, कँपॅग्नोलोच्या इटालियन मापाला १.३२ इंच. दोघांचे आटे इंचाला २४ आणि उलटेच. व्हर्निअर (माप घ्यायचा कॅलिपर) रिंगच्या आत न लावता हबच्या बाहेरच्या पायरीवर लावा. ३२.७ मिलिमीटरच्या आसपास आलं तर पहिलं माप, ३३.५ च्या आसपास आलं तर दुसरं. जुन्या फ्रेंच हबांचं गणित वेगळं. त्यांचा कॉग ३४.७ आणि लॉकरिंग ३३ मिलिमीटरचं, दोन्हींच्या आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. त्यांच्यावर दुसरं काही रेटून चढवू नका.

माप बरोबर असूनही रिंग कॉगला धरत नसेल, तर अजून एक कारण असू शकतं. काही कॉगांचा आट्यांचा भाग अरुंद असतो. तो खांद्याला टेकल्यावर हबवर कॉगचे एक-दोन आटे उघडे राहतात आणि लॉकरिंग त्या पायरीच्या काठावर अडतं. हाताला पूर्ण आवळल्यासारखं लागतं, पण कॉगपर्यंत ते पोहोचलेलंच नसतं. टॉर्च लावून दोघांच्या मधली फट बघा. कॉगच्या मागे १ मिलिमीटरचा स्पेसर (पातळ चकती) घातला की ती भरते, पण तेवढेच आटे धरायला कमी होतात. आम्ही रुंद आट्यांचा कॉग घ्यायलाच सांगू.

प्रश्न : रोटाफिक्स नावाची रीत ऐकली. चेन व्हिप लागत नाही म्हणतात. करावी का? (एक वाचक, पारोळा)

फ्रेम पोलादी असेल तर करावी. अॅल्युमिनियमच्या पातळ नळीवर किंवा कार्बनवर अजिबात नको.

चेन पुढच्या चेनव्हीलवरून उतरवून बॉटम ब्रॅकेटच्या नळीभोवती गुंडाळायची, खाली जाड कापडाच्या चार घड्या ठेवून. चेनचं मोकळं टोक स्वतःखालीच दबलं पाहिजे, म्हणजे ते निसटत नाही. कॉगपासून नळीपर्यंतची वरची बाजू ताणलेली हवी. मग मागचं चाक उलट दिशेने फिरवा, सायकल मागे ढकलताना फिरतं तसं. चेनने धरलेला कॉग जागीच राहतो आणि हब त्याच्यात आवळला जातो. चाकाची त्रिज्या सुमारे ३४ सेंटीमीटर, १६ दात्यांच्या कॉगची सव्वातीन. म्हणजे टायरवर २० किलोने ओढलंत तर चेनवर २०० किलोंच्या वर ताण येतो आणि कॉगवर ६५ न्यूटन-मीटरच्या पुढे. त्यामुळे एकदा भक्कम ओढा आणि थांबा. कॉग काढताना हेच उलटं करायचं, खालची बाजू ताणलेली ठेवून चाक पुढे फिरवायचं. त्याआधी लॉकरिंग काढलेलं असल्याची खात्री करा.

प्रश्न : शहाद्याहून तोरणमाळला फिक्स्डवर जायचा विचार आहे. कॉग नवा आहे, लॉकरिंग घट्ट आहे. आणखी काय तपासू? (एक वाचक, शहादा)

चढताना कॉगची काळजी नाही. काळजी आहे ती उतरतानाची, आणि तीही कॉगपेक्षा पायांची. ४६ आणि १६ दाते, ७०० गुणिले २५ चं टायर असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ६ मीटर जाते. ताशी ४० किलोमीटरला पाय मिनिटाला ११० वेळा फिरतात, ५० ला १३८ वेळा. घाटातल्या वळणावर तो वेग पायांनी रोखायला गेलात, तर कॉग सुटण्याच्या दिशेने सगळा मार सलग किलोमीटरच्या किलोमीटर पडत राहतो. उतारावर वेग ब्रेकने धरा, पुढच्या आणि मागच्याही. पाय फक्त फिरत राहू द्या.

चढ संपल्यावर, उतरायच्या आधी, लॉकरिंग तपासा. सगळा चढ कॉग आवळत आला आहे, म्हणजे फट पडायची वेळ नेमकी तीच. हुक पाना बरोबर घ्या. चेनचा सैलपणाही तिथेच बघा. क्रँक सावकाश फिरवत जिथे चेन सर्वात ताठ होते, तिथे मध्यावर ती वर-खाली मिळून १० ते १५ मिलिमीटर हलायला हवी. त्यापेक्षा सैल चेन वेगात दातांवरून उतरू शकते, आणि फिक्स्डवर उतरलेली चेन मागचं चाक जाम करते. एक्सलचे १५ च्या पान्याचे नट दोन्ही बाजूंनी पुन्हा आवळा. चढावरच्या ओढीने चाकाची उजवी बाजू पुढे सरकलेली असू शकते.

प्रश्न : मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो. ग्रीस वितळून कॉग सुटेल का? (एक वाचक, रावेर)

नाही. साधं लिथियम ग्रीस १८० अंशांच्या आसपास पातळ होतं. तुमच्या उन्हाळ्यात ते जागेवर राहील.

प्रश्न : कॉग फिरून हबचे आटे गेले. लेथवाला म्हणतो, आटे छिलून बुश घालून देतो. दुसरा म्हणतो, वेल्डिंग मारू. कोणाचं ऐकू? (एक वाचक, अमळनेर)

दोघांचंही नको. कॉगच्या आट्यांखाली, त्याच जागी आतून बेअरिंग बसलेलं असतं. मधली भिंत पातळ असते. ती छिलून बुश घालायला जागाच उरत नाही, आणि घातला तरी सगळा जोर त्या पातळ भिंतीवर येतो. वेल्डिंगचं म्हणाल तर पोलादी कॉग अॅल्युमिनियमच्या हबला जोडला जात नाही. हब जुना लोखंडी असेल तर जोडला जाईल, पण उष्णतेने बेअरिंगची बैठक वाकडी होते, दातांचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि कॉग झिजला की सगळा हब फेकावा लागतो.

आधी नेमकं काय गेलं आहे ते पाहा. फक्त लॉकरिंगचे उलटे आटे गेले असतील आणि कॉगचे शाबूत असतील, तर त्या बाजूला फ्रीव्हील लावून हब वापरता येतो. कॉगचे आटे गेले असतील तर हब बदलायचा. रिम आणि स्पोक चांगले असले, तर त्याच मापाच्या कडांचा नवा हब घेऊन चाक पुन्हा विणून घ्या.

नवा घेतच आहात तर एक पर्याय विचारात घ्या. डिस्क ब्रेकच्या बऱ्याच हबांना डाव्या बाजूला सहा बोल्टांची बैठक असते, ४४ मिलिमीटरच्या वर्तुळावर एम-५ चे सहा बोल्ट. त्या बैठकीवर बसणारे कॉग मिळतात. चाक उलटं बसवलं की ती बाजू उजवीकडे येते. त्यात लॉकरिंग नाही, आटेही नाहीत, त्यामुळे कॉग सुटण्याचा प्रश्नच येत नाही. अडचण रुंदीची. डिस्कचे साधे मागचे हब १३५ मिलिमीटरचे, ट्रॅक फ्रेमची मागची जागा १२० ची. पोलादी फ्रेम असली तरी १५ मिलिमीटर ताणून बसवू नका. आधी फ्रेमची आतली रुंदी मोजा. चेनची रेषाही मोजा. ट्रॅक हबवर कॉग चाकाच्या मध्यापासून ४२ मिलिमीटरवर असतो, डिस्कच्या बैठकीवर त्यापेक्षा बाहेर जातो. पुढचं चेनव्हील तेवढंच बाहेर नेता येत असेल, तरच हा हब मागवा.